पाकिटावर रत्नागिरीचा शिक्का

मुंबई, ता. ४ ऑक्टोबर १९३१

तीर्थस्वरूप भागोजीमामांचे चरणी आत्मारामचा साष्टांग नमस्कार.

पत्र कोणाचे म्हणून तुम्ही चकित व्हाल. मी हर्ण्याच्या तुमच्या बहिणीचा, तुळसाचा मुलगा. तुम्ही गाव सोडले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला खांद्यावर बसवून संध्याकाळी मासळीच्या लिलावाला नेत होतात, एवढेच आठवते. आता मी येथे कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे. आपल्या वस्तीतून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बाबा बंदरावर भेटेल त्याला सांगतात की पोरगा बी. ए. होणार.

गेल्या आठवड्यात सहामाही परीक्षा होती. इंग्रजीचा पेपर, सगळे प्रश्न येत होते. दुसरे उत्तर लिहिता लिहिता एकाएकी छाती धडधडू लागली. बोटे गार पडली, श्वास आत जाईना. आता मरतो असे वाटले आणि मी पेपर टाकून हॉलबाहेर पळालो. देखरेखीवरच्या मास्तरांना वाटले मी नक्कल करताना घाबरलो. त्यानंतर तसेच दोनदा झाले, एकदा वर्गात आणि एकदा खाणावळीत जेवताना. आता हॉलच्या दारावरून जायचीही भीती वाटते. मार्चात वर्षाची परीक्षा आहे. तेव्हा असे झाले तर मला गावी तोंड दाखवता येणार नाही.

आई सांगते तुम्ही रत्नागिरीच्या इस्पितळात कंपाउंडर आहात. यावर काही औषध असेल तर पाठवावे. बाबांना कळवू नये. माझ्या खोलीत खेडकडचा लवू म्हणून मुलगा आहे, त्यालाही समजायला नको, म्हणून बाटलीवर चिठ्ठी लावू नका.

आपला,
आत्माराम

रत्नागिरी, ता. १२ ऑक्टोबर १९३१

चिरंजीव आत्माराम यास मामाचे आशीर्वाद.

तुझ्या आईनं मला कंपाउंडर केलं, बरं वाटलं. पुढच्या पत्रात डॉक्टर करील. अरे बाबा, मी आहे तो वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथे काथ्याच्या शेडवर. काथ्या भिजवायचा, कुटायचा, आणि इथल्या माणसांना सुंभ वळायला बसवायचं, हे माझं काम. दचकून पत्र टाकू नकोस. पुढे वाच.

तुला झालंय त्याची बाटली नाही. पण तू मरणार नाहीस. ती धडधड येते, वर चढते आणि आपोआप उतरते. मी ती शंभरदा पाहिली आहे. ती उतरेपर्यंत काय करायचं तेवढं शिकायचं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली. सोबत काथ्याची बारीक दोरी धाडतोय. ती खिशात ठेव. छाती धडधडली की पळू नकोस. दोन्ही पाय जमिनीला टेकव, दोरी मांडीवर घे आणि ओढली की सुटणारी गाठ मार. गाठ मारताना श्वास सोडायचा, सावकाश, गाठ पुरी होईपर्यंत. घ्यायची काळजी नको, तो आपला आपण आत येतो. मग दुसरी गाठ. इथे एकविसाव्या गाठीपुढे कुणाची धडधड टिकलेली मी पाहिली नाही.

दुसरी. तो परीक्षेचा हॉल रिकामा असेल तेव्हा रोज जाऊन बस. पहिल्या दिवशी दारात, दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर, असं करत आपल्या जागेवर ये. शिपाई हाकलील, त्याला विडी दे.

तिसरी सगळ्यात अवघड. एका माणसाला सांग. मला सांगितलंस ते धरत नाही, मी लांब आहे. जवळच्या माणसाला. तुझ्या खोलीतल्या त्या लवूला सांग. लपवायला जेवढा जीव खर्च होतो तेवढा परीक्षेला होत नाही.

तुझा,
भागोजीमामा

मुंबई, ता. २० जानेवारी १९३२

तीर्थस्वरूप मामांचे चरणी साष्टांग नमस्कार.

उशिराबद्दल क्षमा असावी. आधी कळवले नाही कारण खोटे ठरेल की काय अशी भीती होती. मामा, तुमची दोरी चालते! हॉलमध्ये रोज जातो. शिपाई आता मला पाहिले की हसून विडीसाठी हात पुढे करतो. पहिल्या आठवड्यात दारातच अठरा गाठी झाल्या. परवा माझ्या जागेवर बसलो आणि पाचव्या गाठीला छाती शांत. वर्गात दोनदा झाले पण मी उठलो नाही.

तिसरी गोष्ट मात्र अजून केलेली नाही. लवूने दोरी पाहिली आणि विचारले, तेव्हा मी म्हणालो, आमच्यात जाळी विणतात, हाताला सवय. तो हसला. स्वभावाने फार चांगला आहे. घरून आलेले घावन आधी माझ्यापुढे ठेवतो. पण तो खेडच्या साऱ्या मुलांत बसतो. येथे कोणी जरा विचित्र वागले की मुले म्हणतात, 'ह्याला रत्नागिरीला पाठवा.' अशात मी काय सांगू?

तुम्ही लिहिता, शंभरदा पाहिली. हे तुम्हाला कोणी शिकवले?

आत्माराम

रत्नागिरी, ता. ३ फेब्रुवारी १९३२

चिरंजीव आत्माराम यास आशीर्वाद.

पत्र वाचून मला इतका आनंद झाला की शेडवर सगळ्यांना एकेक खडीसाखरेचा खडा वाटला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. इथे कुणी विचारत नाही.

कुणी शिकवलं म्हणतोस. एका माणसाची गोष्ट सांगतो. तो बोटीवर खलाशी होता. एकदा वादळात बोट सहा तास हेलपाटली. बोट सुखरूप आली पण त्याचं मन आलं नाही. पुढल्या खेपेला शिडाची दोरी ओढताना त्याचा श्वास अडकला आणि तो किंचाळला. मग रोज. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे असा माणूस बोटीवर घेत नाहीत. त्याची बाधा बोटीला लागते म्हणतात. त्याचा मेहुणाच तांडेल, बोट त्याच्या हुकमात. तो म्हणाला, "ह्येला बोटीवर घेऊ नुको, ह्यो बुडवील सगल्यांना." गुरवाकडे कौल लावला, अंगारे झाले, आणि सहा महिने त्याला पडवीत कोंडला. तेव्हा मात्र तो खरोखर बिघडला. मग बांधून इथे आणला.

इथे एका म्हाताऱ्या वॉर्डरनं त्याला काथ्या दिला आणि शेजारी बसून राहिला. गाठीचं त्या दोघांनी बसल्या बसल्या शोधलं. तीन वर्षांनी डॉक्टरांनी बरा म्हणून कागद दिला. घरी कळवलं. न्यायला कुणी आलं नाही. मग डॉक्टरांनीच त्याला इथे कामाला ठेवला.

हे तुला एवढ्यासाठी सांगितलं की तो माणूस धडधडीनं वेडा झाला नाही. पडवीनं झाला. तिसरी गोष्ट कर.

मामा

हर्णे, ता. २ जून १९३२

तीर्थस्वरूप मामा,

मी पास झालो. वरच्या वर्गात. परीक्षेत एकदाच झाले, नऊ गाठींत मिटले. बाबांनी बंदरावर पेढे वाटले.

घरी आल्यावर आईला तो बोटीवरचा माणूस कोण म्हणून विचारले. ती मासळी वाळत घालत होती, ती टोपली तशीच ठेवून रडत बसली. म्हणाली, "माजा भाऊ हाय तो. येडा नव्हता रे. माज्या नवऱ्यानं बांधला त्येला, आन मी दारात उभी व्हते."

मामा, तुम्ही मला सरळ का लिहिले नाही? मला तुमचा राग आला आणि तितकीच कीवही आली, दोन्ही खरे सांगतो. आणि एक भीती मनातून जात नाही. तुम्हाला झाले तेच मला झाले. हे रक्तातून आले का? माझे पुढे तेच होणार का?

आई म्हणते एकदा भेटून ये. येत्या दिवाळीला आगबोटीने तसाच पुढे रत्नागिरीस येईन. नक्की येईन.

आत्माराम

रत्नागिरी, ता. १९ जून १९३२

चिरंजीव आत्माराम यास आशीर्वाद.

सरळ लिहिलं असतं तर तू दोरी वापरली असतीस? वेड्याचं औषध कोण घेतो.

रक्ताचं मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. रक्तातून आलं असेल तर त्यावरची गाठही तुला रक्तातूनच मिळाली, असं समज. आपल्या दोघांत फरक एवढाच की तुला अठराव्या वर्षी कुणीतरी सांगितलं आणि मला सांगायला कुणी नव्हतं.

दिवाळीला ये. मला भेटायला अकरा वर्षांत कुणी आलेलं नाही. इथे भेटीचा दिवस रविवार. मी आधी कधी दाढी करत नव्हतो त्या दिवशी, आता करीन. येताना हर्ण्याच्या मासळीतल्या सुक्या वाकट्या आण. इथे मिळतात, पण त्यांना आपल्या वाळूची चव नाही. तुळसाला सांग, दारात उभी होतीस ते मी पाहिलं होतं. तोंड फिरवून आत गेली नाहीस, एवढं मला पुष्कळ झालं.

लवूला सांगितलंस का?

मामा

मुंबई, ता. १० डिसेंबर १९३३

तीर्थस्वरूप मामांचे चरणी नमस्कार.

मागल्या दिवाळीला येणे जमले नाही आणि यंदाही जमले नाही, याची मला लाज वाटते. अभ्यास वाढला आहे. तुमची चारही पत्रे पोचली. उत्तर द्यावयाचे राहून गेले.

हे पत्र एका विनंतीसाठी आहे. माझे लग्न ठरले आहे. आप्पा म्हणून आपल्याच जातीतले येथील मोठे गृहस्थ, गोदीत त्यांची माणसे कामाला असतात. त्यांची मुलगी गुणवंती. बी. ए. होताच एका बोट कंपनीच्या कचेरीत मला जागा देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. सुपारी फोडताना त्यांच्याकडच्या मंडळींनी रीतीप्रमाणे विचारले की घराण्यात कोणाला वेड, कोड, बाहेरचे काही? बाबांनी नारळावर हात ठेवून सांगितले की तसे काही नाही. कोणीतरी मुलाच्या मामांचे विचारले. तेव्हा बाबा म्हणाले, "त्यो दर्यात ग्येला." आई तेथेच होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

तरी यापुढे कृपा करून वसतिगृहावर पत्र पाठवू नये. पाकिटावर रत्नागिरीचा शिक्का असतो आणि मुले विचारतात. माझी पत्रे तुमच्यापाशी असतील ती जाळावी. तुमची मी जाळीत आहे.

तुम्ही दरवेळी लवूचे विचारता म्हणून लिहितो. त्याची प्रकृती दिवाळीपासून बरी नाही. वर्गातून उठून जातो, जेवत नाही, खाटेवर बसून थरथरतो. परवा त्याने माझा हात धरून विचारले, "तू त्या दोरीचं काय करतोस? मला खरं सांग." मी म्हटले, सवय आहे. दुसरे काय सांगणार? त्याचा चुलता आप्पांच्याच हाताखाली काम करतो. एक शब्द बाहेर गेला तर चारच दिवसांत आप्पांच्या कानी जाईल. त्याला मी देवाचे नाव घेण्यास सांगितले आहे.

राग मानू नये.
आत्माराम

ता. ५ जानेवारी १९३४

चिरंजीव आत्माराम,

हे पत्र माल घेऊन जाणाऱ्या मचव्यावरच्या माणसाकडे दिलंय, तो मुंबईत टाकील. शिक्का मुंबईचाच असेल. भिऊ नकोस.

तुझ्या बापानं, खंडूनं, नारळावर हात ठेवून मला मारलं, तर मी मेलो. दर्यात गेलो म्हणाला, हा त्याचा मोठेपणा. दर्यात गेलेल्याला आपल्याकडे मान असतो. मेलेल्या माणसाची पत्रं येत नाहीत हेही खरं, म्हणून हे शेवटचं. तुझी पत्रं काल काथ्याच्या चुलीत घातली. एक तेवढं राहू दिलं होतं, दोरी चालते म्हणून लिहिलेलं. तेही घातलं.

पण आत्माराम, त्या पोराला सांग. मी तुझ्या पाया पडतो. तो रोज बुडतोय आणि तुझ्या हातात दोरी आहे. माझं नाव काढू नकोस. इस्पितळाचं काढू नकोस. कुणा मास्तरानं शिकवलं म्हण, पुस्तकात वाचलं म्हण, वाटेल ते खोटं बोल, खोटं बोलणं आपल्या घरात कुणाला अवघड नाही. दहा मिनिटं त्याच्या शेजारी बस आणि एकवीस गाठी मारून दाखव. तिसरी गोष्ट म्हणत होतो ती हीच. तुझ्यासाठी म्हणून सांगत होतो, आता त्याच्यासाठी सांगतो.

एवढं केलंस तर मी मेलेला बरा.

मामा

मुंबई, ता. २२ एप्रिल १९३४

स. न. वि. वि.

परीक्षा उत्तम झाली. लग्न वैशाखात आहे. आपण येण्याचे मनात आणू नये, हे लिहिणे खरे तर नको होते, पण आईने सांगितले म्हणून लिहिले.

लवू फेब्रुवारीत वसतिगृह सोडून गेला. पेपरास बसला नाही. त्याचे वडील भिकाजी येऊन घेऊन गेले. गावच्या हवेने बरे वाटेल असे सर्वांचे मत पडले. आपण लिहिले होते ते करण्याचे माझ्या मनात होते, परंतु परीक्षा तोंडावर होती आणि तशी वेळ आली नाही.

आत्माराम

रत्नागिरी, ता. १५ जुलै १९३४

चिरंजीव आत्माराम यास आशीर्वाद. सौभाग्यवती गुणवंतीसही.

पुन्हा लिहिणार नव्हतो. पावसात मचवे बंद, तेव्हा हे डाकेनं येईल, शिक्क्यासकट. गुणवंतीनं विचारलं तर सांग, आंब्याच्या दलालाचं आहे.

तुझा लवू इथे आहे. मे महिन्यात आणला. घरच्यांनी आधी गावच्या हवेत ठेवला, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोलीत, बाहेरून कडी लावून. तीन महिने. मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन बैलगाडीनं आणला तेव्हा हातापायांना दावं होतं. मनगटं सोलली होती. भिकाजी त्याच्याकडे न बघता कागदावर अंगठा देऊन गेला. माझ्या डोळ्यांपुढं ते सगळं पुन्हा झालं, आणि या वेळी दारात उभं राहायलाही कुणी नव्हतं.

महिनाभर तो बोलला नाही. मी शेजारी बसत होतो. एक दिवस त्याला दोरी दिली आणि गाठ मारून दाखवली. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "ही गाठ मी बगितलीय. माज्या खोलीतल्या पोराच्या हातात असायची. परीक्षेला जाताना मारायचा. मी तीनदा इचारलं त्येला."

मी म्हटलं, मग?

"सवय हाय म्हणाला." नंतर माझ्याकडे बघून विचारलं, "त्येला ठावं व्हतं काय हो, ही कशाला असते ती?"

आत्माराम, मला तुझा इतका राग आला की ती दोरी मी हातानं तोडली. तोंडापर्यंत आलं होतं की होय, ठाऊक होतं, मीच शिकवलं त्याला, मी त्याचा मामा. पण पोराकडे बघितलं. तुझ्याबद्दल बोलताना त्याचा चेहरा तेवढ्यापुरता मोकळा होतो. घावन वाटून खाल्लं ते सांगतो. हॉस्टेलात एकटा तूच त्याच्याशी नीट वागलास म्हणतो. त्याच्याकडे तेवढं एकच उरलंय. ते मी काढून घेतलं असतं तर गाठ कशावर मारायची त्यानं?

म्हणून मी सांगितलं, नाही. त्याला ठाऊक नव्हतं. कोळ्याचा पोर, हाताला चाळा असतो.

हा तुला माझा लग्नाचा आहेर.

आता तो बरा होतोय. चौदाव्या गाठीला श्वास ठिकाणावर येतो. डॉक्टर म्हणतात दिवाळीपर्यंत कागद मिळेल. न्यायला कुणी आलं नाही तर शेडवर जागा आहे, मला आता दिसतही कमी. परीक्षेचं नाव मी काढत नाही, तोही काढत नाही.

पण काल त्यानं एक गोष्ट विचारली. म्हणाला, आत्मारामच्या हातात दोरी होती म्हणजे त्यालाही छातीत होत असणार. बिचारा, नुसतीच गाठ मारायचा, श्वास सोडायचा ते त्याला कुणी सांगितलंच नसेल. मी लिहून कळवू काय त्याला?

मी तुझा पत्ता दिला. कॉलेजाकडून मागवला म्हणून सांगितलं.

तो सोमवारी लिहायला बसणार आहे. अक्षर अजून हलतं, तेव्हा पत्र लांबेल. गाठीची चित्रं पण काढणार म्हणतो, तुला नीट समजावं म्हणून. पाकिटावर रत्नागिरीचा शिक्का असेल. माझी जाळलीस तसं ते जाळू नकोस. त्याला उत्तर धाड. मला नको.

भागोजी